बंद म्हणू नये

नानांच्या दुकानात ‘बंद’ हा शब्द चालत नसे. दुकान बंद करायचं नसतं, वाढवायचं असतं, हे कुठलाही जुना दुकानदार सांगेल. तोंडातून अभद्र शब्द निघायला नको म्हणून काढलेली ही पळवाट. पण नानांनी या रीतीची पार हद्द केली होती. त्यांच्याकडे बर्नर वाढवायचा, नळ वाढवायचा, दिवा वाढवायचा, फ्रिजचं दारसुद्धा वाढवायचं. एकदा कामाला नव्याने लागलेल्या बाईंना ते म्हणाले, “पंखा वाढवा.” बाईंनी बटण पाचावर नेलं आणि कागदाच्या सगळ्या ताटल्या उडून अंगणात गेल्या. नाना वाकून एकेक ताटली वेचत राहिले, पण ‘बंद’ काही म्हणाले नाहीत.

त्यात गॅसच्या नटाचे आटे उलटे. जगातले बाकीचे नट उजवीकडे फिरवले की आवळतात, हा डावीकडे. पाना हातात घेऊन नाना गिऱ्हाइकांना ऐकवायचे, “आमचा धंदाच उलट्या आट्यांचा. डावीकडे फिरवलं की घट्ट, आणि वाढवलं की… ते आपलं ते.” आणि शटर खाली ओढल्याची खूण करायचे. गिऱ्हाईक हसायचं. नाना मात्र गंभीर असायचे, कारण त्यांच्या लेखी तो विनोद नव्हता.

दुकान म्हणजे कोपऱ्यावरची एक लांबट खोली, चार टेबलं, आणि मागे अंगणात पत्र्याखाली मोठं गॅसचं ग्रिल. त्यावर कणसं, मासे, कोंबडी, कांद्याच्या जाड चकत्या. थंडीत अंगणात कोण बसणार? तेव्हा ग्रिलवर ताडपत्री पडायची आणि आत नुसता चहा-पाव चालायचा. ऊन तापायला लागलं की ताडपत्री निघायची, आणि ग्रिल पेटवण्याच्या आधी यायचा फेस लावायचा दिवस.

तो दिवस म्हणजे नानांचा. झाकण उघडं टाकायचं, बर्नरच्या सगळ्या कळा वाढवलेल्या आहेत ना ते बोटाने चाचपायचं, नळी हातात वाकवून कुठे चीर पडली आहे का पाहायचं. मग सिलिंडरच्या डोक्यावरचं चाक जरासं उघडायचं आणि वाटीतला साबणाचा फेस ब्रशने जोडाजोडावर लावत जायचं. जिथे गॅस निसटत असेल तिथे फेसाला बुडबुडे धरतात. बुडबुडा दिसला की आधी चाक फिरवून गॅस थांबवायचा, मग नट आवळायचा, मग पुन्हा फेस. एकही बुडबुडा दिसला नाही तरच काडी. “नाकावर भरवसा ठेवू नका,” नाना सांगायचे, “नाकाला दोन घटकांत सवय होते. नाकाने कांदे सोलावेत, गळती शोधू नये.” आणि ब्रश फिरवता फिरवता दरवर्षी तोच एक विनोद: “माणूस दमला की त्याच्या तोंडाला फेस येतो. नळीच्या तोंडाला आला तर समजायचं, ती खोटं बोलतेय.”

हे सगळं त्यांच्याकडून शिकली ती त्यांची धाकटी लेक. खरं नाव काही का असेना, नाना तिला ठिणगी म्हणत. स्वभाव मात्र ओल्या लाकडाचा. पटकन पेटायची नाही, धुमसत राहायची. आई गेल्यापासून दुकान आणि नाना दोन्ही तिच्याच गळ्यात, आणि तिला दोन्ही गळ्यात हवे होते. नाना विसरायला लागले तेव्हा तिने ते कोणाला सांगितलंच नाही. ते गिऱ्हाइकाकडे एकाच पावाचे पैसे दोनदा मागत, मीठ फ्रिजमध्ये ठेवत, दुपारी चारला दात घासत. ठिणगी सगळं हसण्यावारी नेत होती. शेवटी डॉक्टरकडे जावं लागलं. डॉक्टर म्हणाले, “हे वाढत जाणार.” त्यांना बिचाऱ्यांना दुकानाची भाषा कुठे येत होती? ते साध्या अर्थानेच म्हणाले होते. तरी बाहेर येताना ठिणगीला एक क्षण वाटून गेलं की वाढत जाणार म्हणजे थांबणार, आणि मग स्वतःचीच कीव आली.

थंडी सरता सरता ती एकदा मासे आणायला गेली असताना नानांनी आपल्या आपण ताडपत्री काढली. चाक उघडलं, दोन कळा उघडल्या, काड्यापेटी आणायला आत आले आणि टेबलाशी बसून रस्त्यावरची माणसं बघत राहिले. अंगणाच्या भिंतीपलीकडे टेलरमामांचं दुकान. कापडाचे तागे, चिंध्या, आणि तापलेली इस्त्री. मामांना वास आला, त्यांनी इस्त्रीचा प्लग काढला, भिंतीवरून उडी मारून चाक फिरवलं. त्या वयात उडी मारली म्हणजे बघा. पाय मुरगळला तो मुरगळलाच.

टेलरमामा भांडायला आले असते तर ठिणगीने तोंड दिलं असतं. ते लंगडत आले आणि हळू आवाजात म्हणाले, “पोरी, माझ्याकडे नुसतं कापड आहे गं. मला झोप लागत नाही.” ती माफी मागत राहिली. मामांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि घरी जाऊन दादाला फोन केला.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, दूरच्या शहरात असायचा. गाड्यांच्या तपासणीच्या केंद्रात ब्रेक तपासणं हे त्याचं काम. माणूस वाईट नव्हता, पण जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे तो घसरणीवर उभ्या असलेल्या ट्रककडे बघावं तसा बघायचा. त्याने फोनवर आवाज चढवला नाही. म्हणाला, “माझ्या घराजवळ एक वृद्धाश्रम आहे. मी जाऊन बघून आलोय. खोलीला खिडकी आहे. मी रोज जाईन.”

“आधीच बघून आलास?”

“कोणीतरी बघायला नको?”

“नाना इथे राहतील. मी आहे ना.”

“तू मासे आणायला गेली होतीस, ठिणगे.”

ती बराच वेळ धुमसत राहिली, फोन कानालाच. मग तिनेच तोडगा काढला, आणि तो काढताना आपण फार हुशार आहोत असं तिला वाटलं. फेस लावायचा दिवस जवळ आला होता. दादाने यावं, नानांनी त्याच्या समोर सगळी तपासणी एकट्याने करावी. जमली तर नाना घरात राहतील आणि आश्रमाचा विषय पुन्हा निघणार नाही. “आणि नाही जमली तर?” दादाने विचारलं. “तर घेऊन जा,” ती म्हणाली. “मध्ये बोलायचं नाही हं,” दादा म्हणाला. “आठवण करून द्यायची नाही, खुणा करायच्या नाहीत.” तिने कबूल केलं.

मग रोज दुपारी सराव. लहान पोराकडून पाढे घोकून घ्यावेत तशी ती नानांकडून तपासणी घोकून घ्यायची. काही दिवस नाना झकास असायचे. ब्रश हातात आला की हात आपली वाट धरायचे. ठिणगी नुसती शेजारी उभी. काही दिवस मात्र पालथ्या घड्यावर पाणी. एकदा त्यांनी अख्खं सिलिंडर अंघोळ घालावी तसं फेसाने धुऊन काढलं, तळाशीही हात घातला आणि म्हणाले, “टॉवेल दे गं, गारठेल.” ठिणगी पोट धरून हसली. टॉवेल आणायला आत गेली ती पिठाच्या पोत्यावर बसून रडली, आणि टॉवेल घेऊन परत आली. बुडबुड्यानंतरचं ते चाक फिरवणं आलं की ती आपला हात त्यांच्या हातावर ठेवायची आणि दोघं मिळून फिरवायची. तोंडाने काही सांगायची वेळच यायची नाही. दादासमोर हात ठेवता येणार नव्हता, हे तिला माहीत होतं. पण ते सुचलं की ती दुसरा काहीतरी विचार करायची.

शेवटी तिने लबाडी केली. नवी नळी आणली, नवा वॉशर घातला, पाना घेऊन एकूण एक नट अंगातलं बळ लावून आवळला. मग स्वतः फेस लावून पाहिला. बुडबुडा नावाला नाही. आता नानांनी ब्रश कसाही फिरवला तरी सापडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बुडबुडाच नाही तर चाक फिरवायचा प्रश्नच कुठे येतो? नापास व्हायला जागाच ठेवली नव्हती तिने. त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

दादा तपासणीच्या आदल्या संध्याकाळीच आला होता. नानांनी त्याला दारात बघून म्हटलं, “आलात का? बरं झालं. दोन भरलेली सिलिंडरं ठेवा, रिकामी मागे आहेत.” दादा गाडीची किल्ली हातात धरून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, “ठेवतो,” आणि खरोखरच मागे जाऊन दोन रिकामी सिलिंडरं इकडची तिकडे करून आला. जेवताना तो नानांच्या ताटातल्या माशाचे काटे काढून देत होता. ठिणगीला त्याचा राग धरून ठेवणं जड गेलं.

सकाळ स्वच्छ होती. ठिणगीने नानांना अंघोळ घातली, इस्त्रीचा सदरा घातला, वर त्यांचा तो जुना कातडी एप्रन बांधला. एप्रन अंगावर येताच नाना ताठ झाले. अंगणात दादा आधीच येऊन उभा होता, हात पुसत. टेलरमामा भिंतीवर कोपरं टेकून पलीकडे उभे. “इस्त्री गार आहे बरं का,” त्यांनी आधीच सांगून टाकलं.

“मग? लावायचा ना फेस?” नाना म्हणाले, आणि ठिणगीचा जीव सुपाएवढा झाला. कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच ओळखलं होतं.

त्यांनी झाकण उघडं टाकलं. कळा एकेक करून बोटाने चाचपल्या. नळी हातात घेतली, वाकवली, डोळ्यांजवळ नेली. “नवी आहे,” ते म्हणाले. “कोणी आणली?” दादाने ठिणगीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. नानांनी सिलिंडरचं चाक जरासं, अगदी जरासंच उघडलं, आणि वाटी डाव्या हातात धरून ब्रश बुडवला. ग्रिलकडच्या टोकाला फेस लावला. थांबले. बघितलं. पुढे गेले. नळीवरून ब्रश ओढत आणला. “माणूस दमला की त्याच्या तोंडाला फेस येतो,” ते स्वतःशीच म्हणाले, “आणि नळीच्या…” पुढचं सापडलं नाही. टेलरमामांनी ओठ हलवले, पण आवाज काढला नाही. नाना काम करत राहिले. रेग्युलेटरच्या या बाजूला फेस लावला, आणि मग त्या बाजूला, जिथे तो सिलिंडरला जोडलेला असतो.

तिथे बुडबुडे आले.

ठिणगीला वाटलं आपले डोळे फसवतायत. एक बुडबुडा फुगला, त्याला चिकटून दुसरा, मग बारीक बारीक कितीतरी. तो नट तिने स्वतः आवळला होता. तिने दादाकडे पाहिलं. दादा जमिनीकडे बघत होता, आणि त्याच्या बोटांना ग्रीस लागलेलं होतं. ती नानांना अंघोळ घालत होती तेव्हा त्याने पाना फिरवला होता. उजवीकडे. उलटे आटे त्यालाही नानांनीच शिकवले होते.

पण राग यायला वेळच मिळाला नाही, कारण तेवढ्यात नाना मोठ्याने म्हणाले, “हा बघा! फेस धरला! इथे आहे गळती!”

सापडली होती! मुद्दाम लपवलेली गळती नानांनी शोधून काढली होती, एकट्याने, कोणी न सांगता. दादाने झटकन वर पाहिलं. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला, आणि ठिणगीला कळलं की त्यालाही हेच हवं होतं, नट सैल करताना तो मनातून हेच मागत असणार. टेलरमामांनी भिंतीवर थाप मारली.

आता एकच राहिलं होतं. चाक फिरवायचं.

नाना वाटी घेऊन उभे. बुडबुडे फुगत होते, फुटत होते, पुन्हा फुगत होते. उन्हात त्यांच्यावर रंग चढले होते. नाना वाकून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही कौतुक होतं की ते कामाचं राहिलं नव्हतं. त्यांनी ब्रशच्या टोकाने एक बुडबुडा फोडला आणि हसले.

“नाना, पुढे?” दादाने विचारलं.

नानांनी मान वर केली. दादाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि मग ठिणगीकडे पाहत राहिले. गॅसचा वास आता सगळ्यांना येत होता. बोलायचं नाही असं कबूल केलेलं. पण बाप असा बघत असताना कुठली लेक गप्प बसेल? दुकानात जे हजारदा म्हटलं, ज्याच्याशिवाय दुसरा शब्द तिच्या जिभेला कधी शिकवलाच नव्हता, तोच तिच्या तोंडून गेला.

“नाना, वाढवा!”

नानांचा चेहरा उजळला. हात सरळ चाकाकडे गेला, जराही न चाचपडता, जुन्या सराईतपणे. ठिणगीने जिंकल्यासारखं दादाकडे पाहिलं. म्हणूनच तिला ते दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. सापाने फूत्कार टाकावा तसा आवाज आला आणि फेसाचे शिंतोडे तिच्या हातावर उडाले. नानांनी चाक वाढवलं होतं. साध्या अर्थाने. जाईल तिथपर्यंत.

“वाढवलं,” नाना खुशीत म्हणाले.

दादाने झेप घेतली, नानांना बाजूला सारून चाक फिरवलं. “बंद! बंद! मामा, काही पेटवू नका!” तो ओरडत होता. त्या अंगणात हा शब्द इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच कोणी उच्चारला. मग सगळं शांत झालं. वाऱ्याने वास हळूहळू पांगला. नाना भिंतीला टेकून उभे होते, वाटीतला फेस सदऱ्यावर सांडलेला. ते घाबरले होते. “काय झालं?” ते विचारत होते. “फेस तर चांगला आला होता की.”

ठिणगीने त्यांचे हात पुसले, त्यांना आत नेऊन खुर्चीवर बसवलं, चहा दिला. परत आली तेव्हा दादा सिलिंडरशेजारी उकिडवा बसला होता.

“तू नट सैल केलास.”

“ब्रेक तपासायचा तर उतारावर तपासावा लागतो,” दादा म्हणाला, पण त्यात दम नव्हता. “आणि तू? नवी नळी, नवा वॉशर. काल संध्याकाळीच मी बघितलं. नापासच होणार नाही असा पेपर काढला होतास.”

“सापडली होती त्यांना.”

“हो. सापडली होती.”

“मी बोलले नसते तर…” ती म्हणाली. ती बोलली नसती तर नाना आणखी क्षणभर थांबले असते, आणि हात आपली वाट धरून गेला असता? की तसेच बुडबुडे फोडत उभे राहिले असते? हे आता जन्मभर कळणार नव्हतं. दुकानाला अभद्र लागू नये म्हणून नानांनी जो शब्द इतकी वर्षं जपला, तोच तिने ऐन वेळी त्यांच्या पायात घातला होता. चोरी दोन्ही मुलांनी केली आणि नापास म्हातारा झाला. तिला आई हवीशी वाटली, लहानपणी वाटायची तशी.

“तू बोलली नसतीस तर मी बोललो असतो,” दादा म्हणाला. “आणि मीही तेच बोललो असतो. दुसरा शब्द कुठे येतो आपल्याला?”

यानंतर वाद असा झालाच नाही. टेलरमामा भिंतीपलीकडे निघून गेले होते. दुपारी त्यांच्याकडून एक नवा सदरा आला, नानांच्या मापाचा, घडी घातलेला, बटणं लावलेला. शिवायला एवढा वेळ कुठे होता? म्हणजे आधीच शिवून ठेवला असणार. ठिणगीने तो बॅगेत सगळ्यात वर ठेवला. चष्मा, औषधं, कानटोपी, आईचा फोटो. एप्रन ठेवू की नको यावर ती बराच वेळ अडली. मग तोही ठेवला.

दादाने बॅग गाडीत टाकली. “नाना, चला, माझ्याकडे जायचं.”

“आता?” नाना म्हणाले. “दुकान उघडं टाकून? वेडा का काय तू?” आणि खुर्ची घट्ट धरून बसले. दादाने समजावलं, ठिणगीने समजावलं. नाना हलेनात. दुकान उघडं असताना मालक उठत नाही, हे त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. दादा अगतिक होऊन ठिणगीकडे बघायला लागला.

ठिणगीने खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या. चहाचं भांडं घासून पालथं घातलं. दिवा मालवला. नाना सगळं बघत होते, मान डोलवत होते. मग तिने शटरचा आकडा हातात घेतला. सकाळचा तो शब्द तिला पुन्हा तोंडात घ्यायचा नव्हता. त्याच्या अर्थाचा आता भरवसा राहिला नव्हता. जे आहे ते सरळ सांगावं म्हणून ती म्हणाली, “चला नाना. दुकान बंद करूया.”

“बंद?”

नाना खुर्चीतून उठले. त्यांच्या डोळ्यांत एकदम जुने नाना आले, कडक, दुकानाचे मालक. “असं म्हणू नये गं. दुकानात उभं राहून बंद म्हणू नये.”

ठिणगीच्या हातातला आकडा तसाच राहिला. दादा दारात थिजला.

“मग काय म्हणू, नाना?”

नानांनी तोंड उघडलं. शब्द अगदी दारापर्यंत आल्यासारखं त्यांना वाटत असावं, कारण त्यांनी बोटही वर केलं. “ते… आपलं… ते म्हणावं.” त्यांनी शटरकडे पाहिलं, अंगणाच्या दाराकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं, आणि शटर खाली ओढल्याची खूण केली, गिऱ्हाइकांना करून दाखवायचे तीच. पुढे काही येईना. ठिणगीच्या जिभेवर तो शब्द तयार होता. तिने तो गिळला. सकाळी तोंड आवरलं नव्हतं, आता आवरलं, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता.

“काहीतरी चांगलं म्हणावं,” नाना शेवटी म्हणाले.

“उद्या येऊ, म्हणू?”

“हां,” त्यांना पटलं. “तसं म्हण.”

दादा त्यांना हाताला धरून पायरीवरून खाली घेऊन गेला. ठिणगीने शटर खाली ओढलं, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. मग गाडीपाशी गेली, खिडकीतून त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, “उद्या येऊ, नाना.”

“वेळेवर या बाई,” नाना म्हणाले. कामाला नवीन लागलेल्या माणसांना ते पहिल्या दिवशी जसं सांगायचे तसंच, आणि काच वर केली.